शंकेसह उपवासकाळ: देवाचं सान्निध्य शोधताना क्रम कसा ठेवावा

दरवर्षी उपवासकाळात, म्हणजे ईस्टर या येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाआधी ख्रिस्ती लोक पाळतात त्या चाळीस दिवसांत, हेच होतं. मनात शंका घेऊन बसलेला माणूस राखेच्या बुधवारी, म्हणजे या काळाच्या पहिल्या दिवशी, ठरवतो की चाळीस दिवस कडक उपवास करायचा, रोज तासभर प्रार्थना करायची, म्हणजे देव जाणवेल. दहाव्या दिवसापर्यंत काही जाणवत नाही. प्रार्थना सुटते, उपवास नावापुरता उरतो आणि शंका आधीपेक्षा घट्ट होऊन बसते. मग निष्कर्ष निघतो, "माझ्यातच श्रद्धा नाही."

चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. आधी शंका मिटवायची आणि मग देवाकडे जायचं, असा बेत केला की पहिलंच पाऊल अडतं. शंका हातात घेऊनच देवासमोर बसायचं असतं. खालचे टप्पे त्या क्रमाने लावले आहेत. कॅथलिक, प्रोटेस्टंट, कोणत्याही मंडळीतल्या माणसाला ते पाळता येतील. विधींचे नियम मात्र आपापल्या मंडळीचे पाळा.

## तयारी: राखेच्या बुधवारआधीचे तीन-चार दिवस

दिवस मोजा. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत 46 दिवस होतात. त्यातले 6 रविवार वगळले की 40 उरतात. रविवार उपवासाचा दिवस धरत नाहीत, कारण तो पुनरुत्थानाचा दिवस. शंका असलेल्याने ही सवलत गंभीरपणे घ्यावी. रविवारी उपासनेला जा, जेवा, माणसांत बसा, पण आपल्या शंकेची चिरफाड करू नका. आठवड्यातून एक दिवस मनाला त्या कामातून सुटी मिळाली नाही, तर चौथ्या आठवड्यापर्यंत ते थकून जातं.

चार गोष्टी जमवा. एक साधी वही. छापील बायबल, कारण फोनवर वाचायला घेतलं की पाचव्या मिनिटाला दुसरंच काही उघडलेलं असतं. रोजची एकच जागा. आणि एक माणूस, ज्याच्याशी खरं बोलता येईल. हा माणूस आधीच ठरवा. संकटाच्या रात्री शोधायला निघालात तर सापडत नाही.

वेळ ठरवा: सकाळी 15 मिनिटं, रात्री 10 मिनिटं. याहून जास्त नको. उत्साहात ठरवलेला तास पहिल्या कोरड्या आठवड्यात कोसळतो. पंधरा मिनिटं टिकतात.

> सावध: झोप उडाली आहे, भूक गेली आहे, कशातच रस उरलेला नाही आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं आहे, असं असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. जगणं नको वाटण्याचे विचार येत असतील तर आजच कोणाला तरी सांगा आणि मदत घ्या. नैराश्य हा आजार आहे. त्याला "श्रद्धेची कमतरता" म्हणत उपवास वाढवणं धोक्याचं आहे.

## टप्पा 1: शंकेला नेमकं नाव द्या (बुधवार ते शनिवार)

राखेच्या बुधवारपासून पहिल्या रविवारपर्यंत चार दिवस मिळतात. या दिवसांत शंकेशी वाद घालायचा नाही, फक्त ती ओळखायची. रोज वहीत एकच वाक्य पूर्ण करा: "देव माझ्याजवळ आहे यावर माझा विश्वास बसत नाही, कारण…" आदल्या दिवशीचं वाक्य न वाचता लिहा. चौथ्या दिवशी चारही वाक्यं शेजारी ठेवा. बरेचदा पहिलं वाक्य पुस्तकी असतं आणि तिसरं-चौथं खरं निघतं.

मग स्वतःला विचारा: या प्रश्नाचं बिनतोड उत्तर उद्या मिळालं, तर माझं दुखणं थांबेल का?

*थांबेल,* असं वाटत असेल तर शंका समजेची आहे. सृष्टीची उत्पत्ती, चमत्कार, शास्त्रवचनांतल्या विसंगती वगैरे. तिला अभ्यास लागतो. आठवड्यातला एक तास तिच्यासाठी वेगळा काढा आणि जाणकार धर्मगुरूंना किंवा पाळकांना नेमका प्रश्न विचारा. हा अभ्यास सकाळच्या पंधरा मिनिटांत घुसू देऊ नका.

*थांबणार नाही,* असं वाटत असेल तर शंकेखाली जखम आहे. जवळचं माणूस गेल्यावर "देव दुःख का येऊ देतो?" असं विचारणाऱ्याच्या हाती तर्काचं उत्तर ठेवलं तर ते दगडासारखं लागतं. या शंकेला विलाप लागतो. तो टप्पा 3 मध्ये आहे.

कधी दुखणंही नसतं आणि प्रश्नही नसतो, सगळं नुसतं कोरडं वाटतं. अशा वेळी आधी झोप, कामाचा ताण आणि मागच्या काही महिन्यांत काय सुटलं ते पाहा. बाकी सारं ठीक असेल तर हा कोरडेपणा संयमाने सोसायचा असतो. सोळाव्या शतकातले क्रूसभक्त संत योहान यांनी याच्या खुणा सांगून ठेवल्या आहेत: देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही, पण इतर कशातही वाटत नाही, पूर्वीसारखं मनन जमत नाही, आणि तरीही आपण देवाला अंतरतो आहोत की काय ही काळजी आत टोचत राहते. ती काळजी नीट पाहा. ज्याचा देवाशी संबंध संपला त्याला ती टोचत नाही.

चौथा प्रकार माणसांमुळे येतो. मंडळीतल्या कोणाच्या वागण्याने विश्वास उडालेला असतो. वहीत त्या माणसाचं नाव आणि देवाचं नाव वेगवेगळ्या ओळींवर लिहा. अत्याचार झाला असेल तर "क्षमा कर" म्हणत पुन्हा त्याच माणसासमोर जाऊ नका; आधी सुरक्षितता, मग तक्रार, आणि क्षमेचा विचार त्यानंतर, आपल्या गतीने.

> तपासा: शनिवारी रात्री तुमची शंका एका वाक्यात, अवघड शब्दांशिवाय, लिहून झाली आहे का? झाली नसेल तर आणखी दोन दिवस घ्या. पण टप्पा 2 रविवारनंतर सुरू कराच.

## टप्पा 2: सकाळची पंधरा मिनिटं

1. 2 मिनिटं शांत बसा. पाठ सरळ, पाय जमिनीवर. श्वासाकडे लक्ष द्या. विचार येतील, त्यांना हाकलत बसू नका.
2. 1 मिनिट: खरं ते सांगा. मार्क 9:24 मधल्या बापाचं वाक्य यासाठीच आहे: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक. विश्वास आणि अविश्वास त्याने एकाच श्वासात सांगितले, आणि येशूने त्याच्या मुलाला बरं केलं. "आधी पक्का विश्वास आण" अशी अट घातली नाही.
3. 7 मिनिटं वाचा. सहा ते बारा ओव्या, दोनदा. दुसऱ्यांदा वाचताना जिथे मन अडेल तिथे थांबा. अडणं म्हणजे आवडणंच असं नाही. राग आला तरी थांबा.
4. 3 मिनिटं त्या ओवीबद्दल देवाशी बोला. मोठ्याने किंवा पुटपुटत.
5. 2 मिनिटं काहीच बोलू नका, आणि प्रभूच्या प्रार्थनेने उठा.

पहिल्या आठवड्यात मत्तय 4:1-11 तुकड्या-तुकड्यांनी वाचा. पण आधी 3:17 पाहा. "हा माझा प्रिय पुत्र" ही वाणी यार्देनेच्या काठी ऐकू आली, आणि त्यानंतर लगेच अरण्य. अरण्यात वाणी नाही. सैतानाची पहिली दोन वाक्यं "तू देवाचा पुत्र असशील तर" अशीच सुरू होतात. ऐकलेल्या वाणीवरच तो बोट ठेवतो. येशू नवी वाणी मागत नाही. तो तिन्ही वेळा जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं आधीपासून ठाऊक असलेलं वचन धरून उभा राहतो. देवदूत येतात ते सगळं संपल्यावर, अकराव्या ओवीत.

दुसऱ्या आठवड्यात 1 राजे 19:1-18. मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देव आधी झोपू देतो, दोनदा खाऊपिऊ घालतो, आणि मग होरेब डोंगरापर्यंत नेतो. वारा, भूकंप, अग्नी यांत परमेश्वर नव्हता. नंतर मंद वाणी आली. लोकांच्या नजरेतून एक गोष्ट निसटते: त्या वाणीनंतरही एलीया चौदाव्या ओवीत तीच तक्रार शब्दशः पुन्हा करतो. देवाचा स्पर्श झाला तरी तक्रार लगेच संपत नाही. देव त्याला झिडकारत नाही; पुढचं काम देतो आणि तू एकटा नाहीस, सात हजार आहेत, असं सांगतो.

तिसऱ्या आठवड्यात स्तोत्र 13, 42, 77 आणि 88. चौथ्यात मार्क 9:14-29. पाचव्यात योहान 11:1-44, जिथे लाजर आजारी असल्याचं कळूनही येशू दोन दिवस उशीर करतो आणि त्याच्या कबरेकडे जाताना रडतोही.

> नेहमीची चूक: प्रार्थनेच्या मधेच "काही जाणवलं का?" असं तपासणं. पेरलेलं बी रोज उकरून पाहिलं तर ते रुजत नाही. तपासणी रात्रीच्या दहा मिनिटांत होते; सकाळी फक्त हजर राहायचं.

कोरड्या दिवशी प्रार्थनेतून लवकर उठून जावंसं वाटेल. संत इग्नेशियस लोयोला (1491–1556) यांचा सल्ला उलटा आहे: अशा दिवशी ठरलेल्या वेळेपेक्षा थोडं जास्त बसा. एक मिनिट पुरे.

## टप्पा 3: विलाप लिहा (तिसरा आठवडा)

हा टप्पा बहुतेक लोक गाळतात, आणि इथेच सगळं अडतं. देवाकडे तक्रार करणं म्हणजे अश्रद्धा, असं लहानपणापासून मनात बसलेलं असतं. स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी जवळजवळ एकतृतीयांश विलापाची आहेत, आणि ती उपासनेत म्हणण्यासाठीच जपली गेली.

नमुना म्हणून स्तोत्र 13 घ्या. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोनांत "कोठवर?" हा प्रश्न चार वेळा येतो. तिसरी-चौथी मागणी करते. पाचवी-सहावी भरवसा आठवते. आता तुमचा विलाप लिहा, आठ-दहा ओळींचा:

1. हाक (1 ओळ). ज्या नावाने लहानपणी देवाला हाक मारत होता ते चालेल.
2. तक्रार (3-4 ओळी). टप्पा 1 मधलं वाक्य घ्या आणि बदला. "देवाने मला सोडलं" असेल तर "तू मला सोडलंस" लिहा.
3. मागणी (1-2 ओळी). नेमकी. "शांती दे" नको. "रात्री तीनला जाग येते तेव्हा माझ्याजवळ राहा" असं लिहा.
4. आठवण (1 ओळ). पूर्वी कधी आधार मिळाला असेल तर तो प्रसंग. आठवत नसेल तर ओळ मोकळी सोडा.
5. शेवट (1 ओळ). जे खरोखर म्हणता येईल तेवढंच.

दुसरी पायरी सगळ्यात मोलाची आहे. "तो" म्हणून देवाबद्दल बोलताना माणूस खटल्यातल्या साक्षीदारासारखा लांब उभा असतो. "तू" म्हटलं की समोरासमोर येतो. देवाचं सान्निध्य शोधणाऱ्या कितीतरी जणांना ते प्रथम इथे, रागाच्या वाक्यात सापडतं, कारण नसलेल्यावर कोणी असं रागावत नाही. बायबलमधल्या, संकटांनी घेरलेल्या ईयोबाचंही तसंच. त्याचे मित्र देवाबद्दल शुद्ध, रीतसर बोलत राहिले. ईयोब देवाशी भांडला. पुस्तकाच्या शेवटी (42:7) देव म्हणतो की माझ्याविषयी यथार्थ बोलला तो ईयोब.

विलाप लिहून झाला की मोठ्याने वाचा, त्या आठवड्यात निदान तीनदा.

> सावध: शेवटची ओळ जबरदस्तीने गोड करू नका. स्तोत्र 88 अंधारातच संपतं, भरवशाची ओळ न येता, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. विलाप सोशल मीडियावरही टाकू नका. मग तो देवाला उद्देशून राहत नाही, वाचणाऱ्यांसाठी होतो.

## टप्पा 4: रात्रीची दहा मिनिटं

हे पहिल्या आठवड्यापासूनच करायचं. पद्धत इग्नेशियसच्या पाच पायऱ्यांची: आभार, प्रकाशाची विनंती, दिवसाची उजळणी, चुकलेल्याची खंत, उद्याचा निश्चय. शंका असलेल्याने उजळणीला निम्मा वेळ द्यावा.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे "उघडलो", उजवीकडे "मिटलो". दिवसात कोणत्या क्षणी मन मोकळं झालं, दुसऱ्याकडे वळलं, खरं बोललं, नेहमी नसलेला धीर कुठून तरी आला. आणि कोणत्या क्षणी ते आक्रसलं, कडू झालं, लपलं. दोन्ही बाजूंना एकेक ओळ. "देवाने हे केलं" असं लिहू नका. फक्त घडलेलं लिहा: "आईचा फोन घेतला, घाई केली नाही." "सहकाऱ्याचं कौतुक झालं, दिवसभर आतून जळलो."

शनिवारी रात्री सहा दिवसांच्या ओळी एकत्र वाचा. एका आठवड्यात काही दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात डावीकडच्या ओळींत एक वळण दिसू लागतं: तीच माणसं, त्याच प्रकारचं काम, तीच शांतता. गलतीकर 5:22-23 मधली आत्म्याची फळं त्या ओळींशेजारी ठेवून पाहा. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता… सान्निध्याची खूण बहुधा अशी मागाहून कळते. पुनरुत्थानानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर येशू भेटला त्या दोघा शिष्यांनाही अंतःकरण पेटल्याचं येशू दिसेनासा झाल्यावर उमगलं (लूक 24:32).

> नेहमीची चूक: योगायोग पुरावा म्हणून मोजणं, किंवा "उद्या अमुक घडलं तर देव आहे" अशी पैज लावणं. मत्तय 4 मधली मंदिराच्या शिखरावरून उडी मारण्याची परीक्षा नेमकी हीच होती. पैज जिंकलात तरी पुढच्या आठवड्यात दुसरी लावावी लागते.

## टप्पा 5: उपवास आणि दान, एकत्र

रोमन कॅथलिक नियमानुसार राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) हे 18 ते 59 वयाच्या लोकांसाठी उपवासाचे दिवस: एक पूर्ण जेवण आणि दोन छोटी, जी मिळून पूर्ण जेवणाइतकी होऊ नयेत. शुक्रवारच्या मांसत्यागाचं बंधन 14 व्या वर्षापासून. इतर मंडळ्यांत हे बरंचसं ऐच्छिक असतं. मधुमेही, गरोदर, आजारी, किंवा खाण्याशी बिघडलेलं नातं असलेल्यांनी अन्नाचा उपवास करू नये; स्क्रीनचा करावा.

सोडलेल्या गोष्टीतून वाचलेला वेळ आणि पैसा कोणा माणसाकडे वळवा. आठवड्यातून एकदा, एक तास, समोरासमोर: आजारी, एकटं, म्हातारं कोणीतरी. यशया 58 मध्ये भुकेल्याला अन्न वाटण्याच्या मागोमाग नवव्या ओवीत देवाचं उत्तर येतं, "हा मी आहे." आणि मत्तय 25 मधल्या नीतिमानांना आपण कोणाला जेवू घातलं हे शेवटपर्यंत कळलेलंच नव्हतं, "प्रभू, केव्हा?" असं तेच विचारतात. न ओळखताही ते त्याच्याजवळ होते.

## टप्पा 6: सोबती आणि मंडळी

ठरवलेल्या माणसाला तीनदा भेटा: पहिल्या आठवड्यानंतर, चौथ्या रविवारच्या आसपास, आणि झावळ्यांच्या रविवारआधी (ईस्टरच्या आधीचा रविवार). पाऊण तास पुरे. सुरुवातीलाच सांगा, "मला उत्तर नको, ऐकून घ्या आणि शेवटी माझ्यासाठी प्रार्थना करा." हे न सांगितल्यास भला माणूसही पाचव्या मिनिटाला उपदेश सुरू करतो.

उपासनेला जाणं थांबवू नका. विश्वासांगीकारातली (उपासनेत सगळे मिळून म्हणतात त्या श्रद्धेच्या कबुलीतली) एखादी ओळ म्हणवत नसेल तर तेवढी ओळ गप्प राहा. शेजारचे म्हणताहेत, ती त्यांच्या आवाजावर तरू द्या. येशू उठल्यावर पहिल्या संध्याकाळी शिष्यांना भेटला, तेव्हा त्यांच्यातला थोमा तिथे नव्हता. आठ दिवसांनी तो अविश्वासासकट त्यांच्यात होता, त्यांनीही त्याला बाहेर काढलं नव्हतं, आणि प्रभू तिथे आला.

> सावध: कोरड्या काळात मोठे निर्णय घेऊ नका. मंडळी सोडणं, नवस, सेवाकार्याचा राजीनामा, सगळं ईस्टरनंतर. तीच ती पापं पुन्हा पुन्हा आठवून जीव कासावीस होत असेल तर एकाच धर्मगुरूंकडे जा आणि त्यांनी "पुरे" म्हटलं की थांबा.

## मधेच सुटलं तर

सुटतंच. चुकलेले दिवस भरून काढू नका, दुप्पट प्रार्थना नको. वहीत "सुटलं" एवढंच लिहा आणि आजच्या वाचनावर या. तीन दिवस सलग सुटले तर सकाळचा वेळ पाच मिनिटांवर आणा आणि सोबत्याला कळवा.

## टप्पा 7: पवित्र सप्ताह (ईस्टरआधीचा आठवडा)

गुरुवार: मार्क 14:32-42. शक्य असेल तर एक तास बसा. येशू तेच शब्द पुन्हा म्हणतो (ओवी 39), म्हणजे तुमची प्रार्थना तीच ती होते याची लाज नको.

शुक्रवार: स्तोत्र 22 सबंध, 31 ओव्या, मोठ्याने. वधस्तंभावरची "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" ही आरोळी याच स्तोत्राची पहिली ओवी आहे. तिथेही "माझ्या देवा" अशीच हाक आहे.

शनिवार: रिकामा ठेवा. वाचन नाही, उजळणी नाही. शंकेत असलेले लोक या दिवसावरून घाईने उडी मारतात, आणि खरं तर हाच दिवस त्यांना सगळ्यात ओळखीचा असतो: देव गप्प, कबर बंद, पुढचं ठाऊक नाही. तसाच राहू द्या. रात्रीचा ईस्टर जागर तुमच्या मंडळीत असेल तर त्याला जा.

रविवार: आनंद वाटला तर घ्या. नाही वाटला तर मत्तय 28:17 वाचा: शिष्यांनी पुनरुत्थित प्रभूला पाहून नमन केलं, तरी कित्येकांना संशय वाटला. पुढच्याच ओवीपासून येशू त्या सगळ्यांशी बोलतो, संशयितांना वेगळं न काढता.

हिशेब त्या दिवशी करू नका. आठ दिवस थांबा. ईस्टरनंतरच्या रविवारी बऱ्याच मंडळ्यांत थोमाचाच उतारा वाचतात. त्या संध्याकाळी वही उघडा, राखेच्या बुधवारी लिहिलेलं वाक्य वाचा, त्याखाली तारीख घाला आणि तेच वाक्य आज जसं पूर्ण होईल तसं पूर्ण करा. दोन्ही वाक्यं सोबत्याला वाचून दाखवा. सकाळची पंधरा मिनिटं सोमवारी पुन्हा ठरल्या वेळी.